मोहरीएवढी फट

माझ्या वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये लहानपणापासून फट होती. ती नेमकी किती रुंद आहे हे मोजण्याची वेळ कधी आली नाही, परंतु स्वयंपाकघरातले एक माप माझ्याजवळ होते. फोडणीतली मोहरी त्या फटीत हमखास अडकत असे, आणि जेवण झाल्यावर जिभेच्या टोकाने ती काढून टाकण्याची मला इतकी सवय झाली होती की आपण तसे करतो याचीही जाणीव उरली नव्हती. वयाच्या ४३ व्या वर्षी केव्हातरी ध्यानात आले की मोहरी आता अडकत नाही, ती आरपार जाते, आणि तिच्या जागी जिरे अडकू लागले आहे.

ही फट मला वडिलांकडून आली. माझ्या आजीच्या मते दातांत फट असलेला माणूस भाग्यवान असतो, तर शेजारच्या काकूंच्या मते त्याच्या हातात पैसा टिकत नाही. फ्रेंच भाषेतही अशा दातांना भाग्याचे दात म्हणतात असे पुढे वाचनात आले, म्हणजे त्या बाबतीत आजीला फ्रान्सचा पाठिंबा होता. मी सांगलीतल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. श्रुतलेखन घालताना माझ्या 'स'बरोबर एक बारीक शीळ बाहेर पडते आणि मागच्या बाकावरची मुले तिची नक्कल करतात, हे मला ठाऊक होते व त्याचे मला फारसे वाईटही वाटत नव्हते. भाच्याच्या लग्नातला फोटो माझ्या स्वतःच्या लग्नाच्या अल्बमशेजारी ठेवून पाहिला तेव्हा मात्र मी थोडी घाबरले. फट जवळजवळ दुप्पट झाली होती, आणि दोन्ही दात किंचित पुढेही आले होते.

प्रथम मी शहरातल्या एका नव्या, चकचकीत दवाखान्यात गेले. तेथे माझा हसरा फोटो काढून मोठ्या पडद्यावर दाखवण्यात आला, संगणकावर फट बुजवून दाखवण्यात आली, आणि वरच्या सहा दातांवर सिरॅमिकचे पातळ पापुद्रे, म्हणजे व्हेनिअर, बसवावेत असे सुचवण्यात आले. दर दाताला १२,००० प्रमाणे ७२,००० रुपये, दोन भेटी, सुमारे दहा दिवस. फट दोन दातांत असताना सहा दात कशासाठी, असे मी विचारले, तेव्हा आकार आणि रंग जुळण्यासाठी, असे उत्तर मिळाले. ते उत्तर खोटे नव्हते हे मला नंतर कळले. परंतु मुळात ही फट वाढते आहे ती का, हा प्रश्न दोनदा विचारूनही 'वयानुसार होतं' यापलीकडे काही हाती लागले नाही. माझ्या हिरडीला त्या दिवशी कोणी हातही लावला नाही. घरी विचारून सांगते, असे म्हणून मी तेथून निघाले.

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई मला मिरजेच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. साठीच्या आसपासच्या या डॉक्टरीणबाईंनी पहिली दहा मिनिटे माझ्या फटीकडे पाहिलेसुद्धा नाही. ब्रश करताना रक्त येते का, आईवडिलांचे दात लवकर पडले का, मधुमेह आहे का, झोपेत दात खाता का, असे प्रश्न झाल्यावर त्यांनी आपले बोट माझ्या पुढच्या दातांवर टेकवून ठेवले आणि मला दात हलके हलके मिटायला सांगितले. प्रत्येक वेळी खालचे दात वर टेकले की वरचे दोन दात त्यांच्या बोटाखाली थरथरत होते. त्यांनी मग माझेच बोट तेथे ठेवायला लावले, आणि आपला दात असा हलतो हे मला पहिल्यांदाच समजले. त्यानंतर मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बोथट सळई दात आणि हिरडी यांच्यामध्ये अलगद सरकवत त्या आकडे सांगू लागल्या आणि सहायक मुलगी ते लिहून घेऊ लागली. मागच्या दाढांशी 'तीन, दोन, तीन' असे चालले होते ते पुढच्या दातांशी येताच 'पाच, चार, सहा' झाले. निरोगी हिरडीत ही खोली तीन मिलिमीटरपर्यंत असते, हे त्यांनी नंतर सांगितले. तरी त्या आकड्यांच्या सुरावरूनच काहीतरी बिनसले आहे हे मला कळून चुकले होते.

एक्स-रेमध्ये पुढच्या दातांभोवतीचे हाड थोडे खाली गेलेले, खरे तर वरच्या जबड्यात ते वर सरकलेले, दिसत होते. "तुमची जन्मापासूनची फट निराळी आणि गेल्या दोन-तीन वर्षांत वाढली ती निराळी," त्या म्हणाल्या. दाताला आतून जीभ ढकलत असते, बाहेरून ओठ थोपवून धरत असतो आणि मुळाभोवतीचे हाड त्याला जागेवर ठेवत असते. हिरडीच्या दुखण्याने ते हाड कमी झाले की जो दाब दात आजवर सहज पेलत होता, त्याच दाबाने तो हळूहळू पुढे कलतो, आणि पुढचे दात जपानी पंख्याच्या काड्यांसारखे एकमेकांपासून फाकतात. खालच्या दातांचा प्रत्येक ठोका त्यात भर घालतो. मोठ्या माणसाच्या दातांत नव्याने पडणारी किंवा वाढत जाणारी फट ही म्हणून बहुधा आधी हिरडीची तक्रार असते. व्हेनिअरचे काय, असे मी चाचरत विचारले, त्यावर त्या म्हणाल्या, "ओल आलेल्या भिंतीला आधी रंग देतात का?" कॅलिपरने त्यांनी फट मोजली. ती अडीच मिलिमीटर होती.

मे महिन्याच्या सुट्टीत हिरड्यांचे काम झाले. दोन बैठकांत, भूल देऊन, हिरडीखाली मुळांवर साठलेले कीटण खरवडून काढण्यात आले. दुखले असे म्हणता येणार नाही, पण दातांवर लोखंड घासल्याचा तो आवाज कवटीच्या आतून ऐकू येतो आणि त्याची सवय होत नाही. त्याच आठवड्यात डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ताची तपासणी करून घेतली, कारण मधुमेह आटोक्यात नसेल तर हिरड्या नीट बऱ्या होत नाहीत. ती ठीक आली. पुढचे काही आठवडे मात्र मी मनातून खट्टू होते. सूज उतरल्यामुळे हिरडी आक्रसली, दात लांब दिसू लागले, माठातले पाणीसुद्धा झोंबू लागले, आणि दोन दातांच्या मध्ये वरच्या बाजूला, जेथे पूर्वी हिरडीचे टोक होते तेथे, एक काळा त्रिकोण दिसू लागला. सुधारण्यासाठी गेले आणि बिघडवून आले, असे आरशापुढे रोज वाटे. दातांमधून फिरवायच्या बारीक ब्रशने रोज रात्री सफाई करणे हा माझ्या वाट्याचा उपचार होता आणि तो मी न चुकता केला. दहा आठवड्यांनी पुन्हा सळई फिरली तेव्हा दोन ठिकाणचे चार वगळता सगळे आकडे तीनच्या आत होते. गंमत म्हणजे फटही अडीचवरून दोन मिलिमीटरवर आली होती. सुजलेली हिरडी दातांना दूर लोटत असते, ती बसली की थोडीशी फट कधी कधी आपोआप मिटते, असे त्यांनी सांगितले.

आता खरा प्रश्न पुढे आला, आणि डॉक्टरांनी त्यासाठी पाऊण तास दिला. त्यांनी सगळ्यात आधी ठेवलेला पर्याय होता काहीही न करण्याचा. हिरडी निरोगी आहे, फट वाढत नाही आणि स्वतःला ती खटकत नाही, तर ती बुजवण्याची वैद्यकीय गरज नाही, हे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. मी दोन दिवस खरोखरच त्यावर विचार केला. पण दात पुढे कललेलेच होते, खालच्या दातांचे ठोके चालूच होते, आणि आहे तेथेच ठेवले तर ते तेथेच राहतील याची खात्री देता येत नव्हती.

मध्येच त्यांनी एकदम कडक आवाजात विचारले, "रबर लावून पाहिलं नाहीत ना?" मी गोंधळले. दोन दातांना लहान रबर बँड गुंडाळून आठवडाभरात फट बंद करण्याच्या चित्रफिती इंटरनेटवर फिरतात, आणि तसे बँड घरपोच मिळतातही, हे मला ठाऊक नव्हते. दाताचे मूळ टोकाकडे निमुळते होत जाते, त्यामुळे नुसते गुंडाळलेले रबर हळूहळू वर सरकते, हिरडीखाली जाऊन दिसेनासे होते आणि मुळाभोवतीचे हाड संपवत जाते. रबर पडले असेल असे समजून माणूस स्वस्थ बसतो, आणि दात गदगदा हलू लागतात तेव्हा दवाखान्यात येतो. त्यानंतर ते दात वाचतातच असे नाही. क्लिप लावून जे रबर वापरतात ते क्लिपेला अडकलेले असते, ते वर सरकू शकत नाही. घरी कोणी तरुण मूल असेल तर एवढे त्याला अवश्य सांगावे, म्हणून हे येथे लिहिले.

दातावर दाताच्याच रंगाचे कॉम्पोझिट लावून फट भरणे हा सर्वांत झटपट उपाय होता. एकाच बैठकीत काम होते, दात कोरावा लागत नाही किंवा अगदीच नाममात्र खरवडावा लागतो, आणि पुढे कधी विचार बदलला तर ते काढूनही टाकता येते. पाच ते सात वर्षांनी त्याची डागडुजी करावी लागते, त्यावर चहाचे आणि हळदीचे डाग पडतात, आणि नखे किंवा पेनाचे टोपण चावण्याच्या सवयीने त्याचा टवका उडू शकतो. हे सारे ऐकून मी जवळजवळ तयार झाले होते, तेव्हा डॉक्टरांनी एक प्रयोग केला. कोणतेही चिकटद्रव्य न लावता त्यांनी दोन दातांच्या कडांना कॉम्पोझिट नुसते थापले, दिव्याने घट्ट केले आणि आरसा माझ्या हाती दिला. फट नाहीशी झाली होती, पण आरशातली बाई माझ्या ओळखीची नव्हती. माझे दात सुमारे साडेआठ मिलिमीटर रुंद आणि दहाच्या थोडे वर लांब. दोन मिलिमीटरची फट दोघांत वाटली की प्रत्येक दात साडेनऊचा होतो, म्हणजे जवळजवळ चौकोनी. पुढच्या दाताची रुंदी लांबीच्या ७५ ते ८० टक्के असली की तो डोळ्याला बरा दिसतो. माझे दात नव्वदच्या पुढे गेले होते आणि तोंडात दोन फरशा बसवल्यासारखे दिसत होते. पहिल्या दवाखान्यात सहा दात का सुचवले गेले ते मला तेव्हा समजले: दोन दात रुंद केले की शेजारचे बारीक दिसतात, मग त्यांनाही रुंद करावे लागते. डॉक्टरांनी नखाच्या टोकाने ते थापलेले तुकडे काढून टाकले. एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी फट असती तर त्यांनी दुसरे काही सुचवलेही नसते, असे त्या म्हणाल्या.

व्हेनिअरबद्दल त्यांनी वाईट काही सांगितले नाही. उत्तम हातांनी केलेले व्हेनिअर दहा ते पंधरा वर्षे टिकते, त्यावर डाग पडत नाहीत आणि प्रकाशात ते खऱ्या दातासारखे दिसते. परंतु ते बसवण्यासाठी बहुधा दाताच्या पुढच्या बाजूचे इनॅमल सुमारे अर्धा मिलिमीटर घासावे लागते, आणि घासलेले इनॅमल पुन्हा येत नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी बसवले तर पंचावन्न-अठ्ठावन्नला बदलावे लागेल, नंतर पुन्हा एकदा. दर वेळी खर्च, दर वेळी थोडा दात कमी. कॅपचा मी उल्लेख करताच त्यांनी मान हलवली, कारण त्यासाठी धडधाकट दात चहूबाजूंनी कोरावा लागतो. वरचा ओठ वर ओढून त्यांनी ओठाला हिरडीशी जोडणारा पडदाही तपासला. तो जाड असून दातांच्या मध्यापर्यंत उतरलेला असेल तर ओठ ओढताच दोन दातांमधली हिरडी पांढरी पडते. मग फट बंद केल्यावर छोट्या शस्त्रक्रियेने तो सोडवावा लागतो, नाहीतर फट पुन्हा उघडू शकते. माझी हिरडी गुलाबीच राहिली, त्यामुळे तो विषय तेथेच संपला.

राहता राहिले दात सरकवणे. माझे दात पुढे फाकल्यामुळे फट वाढली होती, तेव्हा ते मागे घेतले की फट आपसूक कमी होणार होती, पंखा मिटल्यासारखीच. या वयात क्लिपा, हा विचार मला सुरुवातीला हास्यास्पद वाटला. पण हाड निरोगी असेल तर दात कोणत्याही वयात सरकतो, कारण दाबाच्या बाजूचे हाड विरघळते आणि ताणाच्या बाजूला नवे तयार होते. माझ्या बाबतीत हाड कमी असल्याने जोर हलका ठेवावा लागेल, एवढाच फरक. तारांच्या डॉक्टरांनी दोन मार्ग दाखवले. एक पारदर्शक प्लास्टिकच्या साच्यांचा, ज्यात प्रत्येक साचा दाताला सुमारे पाव मिलिमीटर सरकवतो आणि तो दिवसाचे २० ते २२ तास तोंडात ठेवावा लागतो. मला सांगितलेला खर्च होता १,१०,००० रुपये. दुसरा मार्ग म्हणजे वरच्या दहा दातांवर सिरॅमिकच्या क्लिपा आणि तार, ३६,००० रुपये. दोन्हींनी माझे काम झाले असते. पण साचा काढल्याशिवाय चहा पिता येत नाही, आमच्या शिक्षकखोलीत दिवसातून चार वेळा चहा येतो, आणि चष्मा कुठे ठेवला हे न आठवणारी बाई साचा रुमालात गुंडाळून कुठे ठेवेल ते मला नक्की माहीत होते. मी क्लिपा निवडल्या.

ऑगस्टमध्ये क्लिपा बसल्या. सिरॅमिकच्या क्लिपा दाताच्या रंगाच्या असतात आणि त्यांच्यावर तार धरून ठेवणारी बारीक रबरे पारदर्शक असतात, त्यामुळे दुरून काही दिसत नाही, असे मला सांगितले होते. त्या रात्री मी मऊ वरणभात खाल्ला. सकाळी आरशात पाहिले तर प्रत्येक दातावर पिवळाधमक मणी होता. हळदीच्या बाजारासाठी देशभर नाव असलेल्या गावात राहून हे आधी कसे सुचले नाही कोण जाणे. सहाव्या दिवशी मी रडकुंडीला येऊन फोन केला, तेव्हा तिकडून हसत हसत उत्तर आले की रबरे दर महिन्याला बदलतो, नाहीतर राखाडी रंगाची लावून देतो. पुढचे सात महिने मी राखाडी रबरे लावली आणि फोडणीत हळद पूर्वीइतकीच टाकली.

प्रत्येक महिन्याच्या भेटीनंतर तीन दिवस दात ठणकत असत, घास तोडणे अशक्य होई, आणि मग ते विसरून जावे इतके सरळ होत असे. भाकरी कालवून खायची, पेरू फोडी करून दाढेने चावायचा, ऊस आणि चिक्की वर्ज्य. संक्रांतीला वर्गातल्या मुलांनी दिलेल्या कडक पाकाच्या तिळाच्या वड्या मी डब्यात घालून घरी आणल्या. दर महिन्याला मी घरी जिऱ्याची परीक्षा घेत असे. दिवाळीच्या सुमारास जिरे अडकायचे थांबले आणि मोहरी पुन्हा अडकू लागली; मोहरी अडकल्याचा आनंद झालेली मी बहुधा पहिलीच बाई असेन. फेब्रुवारीअखेर दोन दात एकमेकांना टेकले.

खाली दात टेकले होते, पण वरच्या बाजूचा काळा त्रिकोण राहिलाच. त्याचे कारण हाडात होते. दोन दात जेथे एकमेकांना टेकतात तेथपासून हाडाच्या कडेपर्यंतचे अंतर पाच मिलिमीटर किंवा कमी असेल तर मधली जागा हिरडी पूर्ण भरून काढते, सहा असेल तर निम्म्याहून थोड्या जास्त जागी, आणि सात असेल तर चारातल्या एखाद्याच ठिकाणी. टार्नो नावाच्या दंतवैद्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली हे मोजून दाखवले होते. माझे अंतर साडेसहा होते. गेलेले हाड परत आणता येत नव्हते, पण दात जेथे टेकतात ती जागाच वर सरकवता येत होती. त्यासाठी अखेरीस कॉम्पोझिट कामाला आले, पण दोन मिलिमीटरची फट भरायला नव्हे, तर दोन्ही दातांच्या आतल्या कडांना वरच्या बाजूने जेमतेम अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरचा उतार द्यायला.

मार्चमध्ये क्लिपा निघाल्या, आठवडाभर हिरडी निवू दिली, आणि एका सकाळी दहा वाजता, खिडकीच्या उजेडात, रंग निवडण्यात आला. रंग आधी निवडावा लागतो, कारण तोंड उघडे राहून दात कोरडा पडला की तो खऱ्या रंगापेक्षा पांढरा दिसतो. मग निळ्या रंगाचे फॉस्फोरिक आम्लाचे जेल दातांच्या कडांना लावले गेले आणि अर्ध्या मिनिटाने धुतले गेले. तेवढा भाग खडूसारखा पांढुरका झाला. आम्लाने इनॅमलवर डोळ्यांना न दिसणारी खाचखळगी तयार होतात आणि चिकटद्रव्य त्यांत मुरून घट्ट बसते. कारखान्यांत धातूवर रंग नीट बसावा म्हणून असेच आम्ल वापरतात, हे पाहून अमेरिकेतल्या मायकेल ब्युओनोकोर या दंतवैद्यांनी १९५५ मध्ये ही युक्ती दातांवर करून पाहिली, ही माहिती डॉक्टरांनी मला तोंडात कापूस असताना दिली, म्हणजे मी मध्ये बोलू शकत नव्हते. दोन दातांच्या मध्ये पारदर्शक पट्टी सरकवून, पातळ थर लावून, प्रत्येक थरावर निळ्या प्रकाशाचा दिवा वीस वीस सेकंद धरण्यात आला. सगळ्यात जास्त वेळ गेला तो घासून गुळगुळीत करण्यात. सव्वा तासाने मी उठले तेव्हा आरशातली बाई माझ्या ओळखीची होती.

शेवटी वरच्या सहा दातांच्या मागे एक बारीक पिळाची तार कायमची चिकटवण्यात आली. पुढच्या दोन दातांमधली फट पुन्हा उघडण्याची प्रवृत्ती मोठी असते, आणि माझ्यासारखे हाड कमी असेल तर आणखीच. ही तार कधी काढायची, असे मी विचारले. "दात असतील तोपर्यंत राहू दे," डॉक्टर म्हणाल्या. तिच्या वरून दोरा थेट जात नाही, सुईसारख्या कडक टोकाचा निराळा दोरा खालून ओवून घ्यावा लागतो, आणि रात्रीची सफाई आता पाच मिनिटांऐवजी नऊ मिनिटांची झाली आहे.

ज्याची मला कोणी कल्पना दिली नव्हती तो त्रास वर्गात झाला. मराठीत 'च' दोन आहेत, हे मी दर वर्षी मुलांना 'चिंच' हा शब्द देऊन शिकवते, कारण त्यातला पहिला 'च' टाळूशी होतो आणि दुसरा दातांशी. जीभ दातांमागे टेकली की आता तार लागत होती, आणि पहिल्या आठवड्यात माझी 'चिंच' दुसऱ्या 'च'वर अडखळून थांबत होती. 'स'ची शीळ गेली होती, पण तिच्या जागी एक ओलसर फुसकारा आला होता. मी रोज संध्याकाळी वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचू लागले. तीन आठवड्यांत जीभ तारेला सरावली. मागच्या बाकावरच्या मुलांना नक्कल करायला काही उरले नाही, आणि त्यांच्यापैकी एकाने "बाई, तुमचा आवाज बदलला" अशी तक्रारही केली.

हिशेब असा: हिरड्यांचे काम ७,०००, एक्स-रे १,०००, क्लिपा ३६,०००, दोन दातांवरचे कॉम्पोझिट ५,००० आणि मागची तार ३,०००, एकूण ५२,००० रुपये आणि जवळपास अकरा महिने. मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात हेच काम पुष्कळ कमी खर्चात होऊ शकते. तेथे खेपा आणि प्रतीक्षा जास्त, आणि मला मिरज जवळचे होते.

तार बसल्यानंतर पाचव्या महिन्यात एका सकाळी जिभेला एक बारीक टोक लागले. एका दातावरचा चिकटा सुटला होता. दुखत काहीच नव्हते, त्यामुळे रविवारनंतर पाहू असे वाटले. पण अशा सुटलेल्या तारेकडे दुर्लक्ष केलेल्या लोकांचे दात काही आठवड्यांत कसे सरकतात ते ऐकून होते, म्हणून त्याच दुपारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मिरज गाठली. दहा मिनिटांचे काम होते.

माझ्या धाकट्या मुलीलाही, ती चौथीत आहे, पुढच्या दातांत फट आहे. ती कधी बुजवायची, असे तिने मला क्लिपा लागल्या तेव्हापासून विचारून भंडावून सोडले होते. डॉक्टरांनी तिला तपासून परत पाठवले. या वयात न उगवलेले सुळे आतून शेजारच्या दातांच्या मुळांना रेटत असतात, त्यामुळे पुढचे दात वेडेवाकडे फाकलेले दिसतात, आणि अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे खाली आले की दोन मिलिमीटरपर्यंतची फट बहुतेक वेळा आपोआप मिटते. तोपर्यंत तारा लावण्याची घाई केल्यास सुळ्यांच्या वाटेत शेजारच्या दातांची मुळे येऊन ती खराब होण्याचा धोका असतो. सुळे आले तरी फट राहिली, किंवा आताच ती फार मोठी वाटली, तर मध्ये एखादा जादा दात हाडात दडलेला नाही ना, हे एक्स-रेने पाहायचे. ओठाखाली, हिरडीच्या वरच्या भागात, करंगळी फिरवून सुळ्याचा उंचवटा कसा चाचपायचा ते त्यांनी मला दाखवले आहे. उजवीकडचा बोटाला स्पष्ट लागतो. डावीकडचा अजून लागत नाही; दिवाळीच्या सुट्टीपर्यंत लागला नाही तर तिला पुन्हा घेऊन या, असे त्यांनी सांगितले आहे.